न्हाई बघितली

“सिस्टरनं बाटलीवरची चिठ्ठी बघितली होती का, विचारा त्यांना,” डॉक्टर कुरियन इंग्रजीत म्हणाले आणि पेनाचं टोपण काढून माझ्याकडे बघत राहिले.

समोर खुर्चीच्या अगदी कडेवर हौसाबाई बसल्या होत्या. खुर्ची मोडेल की काय अशा बेतानं. मांडीवर बारा दिवसांचं बाळ, हिरव्या लुगड्याच्या पदरात गुंडाळलेलं. हॉस्पिटलच्या त्या कचेरीत माणसं आम्ही पाच. डॉक्टर कुरियन, संस्थेचे सेक्रेटरी मकासरेसाहेब, टाइपरायटरवर बसलेले क्लार्क, हौसाबाई आणि मी.

मी प्रश्न मराठीत केला. “मावशी, शुलमिथ सिस्टरनं बाटली लावायच्या आधी तिच्यावरची चिठ्ठी बघितली होती का? तुम्ही तिथंच होता ना?”

“न्हाई बघितली,” हौसाबाई म्हणाल्या आणि बाळाच्या तोंडावरची माशी हाकलली.

“नो,” मी सांगितलं.

डॉक्टर कुरियन लिहिता लिहिता थांबले. पासष्टीचे असतील. केरळातले निवृत्त सर्जन. मराठीचा एक शब्द त्यांना येत नव्हता आणि म्हणूनच त्यांना चौकशीला बोलावलं होतं, बाहेरचा माणूस, कुणाच्या बाजूचा नाही. ते सावकाश म्हणाले, “यातलं नेमकं काय? डिड शी नॉट सी हर लुक? ऑर डिड शी सी दॅट शी डिड नॉट लुक?”

म्हणजे, सिस्टरला बघताना यांनी बघितलं नाही, की सिस्टरनं बघितलं नाही हे यांनी बघितलं?

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. चौऱ्याहत्तर सालचा मार्च महिना. संस्थेच्याच मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होते, आणि आमच्या तालुक्याच्या गावात माझ्याइतकं इंग्रजी कुणाला येत नाही असं लोक म्हणायचे. मलाही ते पटलेलं होतं. ‘आढावबाई, दुभाषी म्हणून तुमच्याशिवाय कोण आहे?’ असं मकासरेसाहेबांनी म्हटल्यापासून दोन दिवस मी हवेत होते. डॉक्टरांचा तो प्रश्न ऐकून मला वाटलं, म्हातारा माझं व्याकरण तपासतोय. ‘नॉट’ या जागी काय आणि त्या जागी काय, बाई तर सरळ नाही म्हणाली.

खरं तर मी हौसाबाईंना पुन्हा विचारायला हवं होतं. मी त्यांच्याकडे वळलेसुद्धा नाही.

“शी सॉ दॅट द सिस्टर डिड नॉट लुक, सर,” मी म्हणाले. एकही अडखळ नाही.

डॉक्टरांनी मान हलवली, लिहून घेतलं. टाइपरायटर वाजला. जबाब साक्षीदाराला मराठीत वाचून दाखवायचा असतो, पण तेवढ्यात बाळानं भोकाड पसरलं, हौसाबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या, आणि मकासरेसाहेब म्हणाले, “राहू द्या, त्यांना जाऊ द्या.” हौसाबाईंचा अंगठा घेतला. त्या गेल्या. मकासरेसाहेब मला म्हणाले, “झकास काम केलंत.”

प्रकरण असं होतं. हौसाबाईंची सून यमुना आमच्या हॉस्पिटलात बाळंत झाली. रक्त फार गेलं, म्हणून तिला रक्त द्यायचं ठरलं. तेव्हा रक्त काचेच्या बाटलीतून यायचं, आणि बाटलीवर पेशंटचं नाव आणि रक्ताचा गट लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली असायची. बाटली लावली ती शुलमिथ उजागरे या सिस्टरनं. पंधरा मिनिटांत यमुना हुडहुडायला लागली, कंबर धरून ओरडायला लागली. आत गेलेलं रक्त तिच्या गटाचं नव्हतं. सिस्टरनंच ते ओळखलं, नळी उपसली, डॉक्टरांना हाका मारल्या. यमुनाचा जीव तेवढ्यावर वाचला. पण पुढचे नऊ दिवस तिला लघवी होईना, अंगावर सूज चढली, आणि दहाव्या दिवशी मूत्रपिंडं चालू झाली तेव्हा सगळ्या वॉर्डानं सुस्कारा टाकला.

धावपळीत ती बाटली कुणीतरी धुऊन पालथी घातली. चिठ्ठी गटारात गेली. आता दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर सिस्टरनं चिठ्ठी न बघता दुसऱ्याच पेशंटची बाटली यमुनाला लावली होती, नाहीतर खाली रक्ताच्या खोलीतच चुकीच्या बाटलीवर यमुनाच्या नावाची चिठ्ठी लागली होती. सिस्टर सांगत होती, मी चिठ्ठी बघितली, यमुनाचंच नाव होतं. रक्ताच्या खोलीतला माणूस सांगत होता, आमच्याकडून सगळं बरोबर गेलं. खाटेपाशी तेव्हा धड शुद्धीवरचं दुसरं माणूस एकच होतं, हौसाबाई. घरच्यांना बोलताना संकोच नको म्हणून त्यांच्या जबाबाच्या वेळी सिस्टरला बाहेर बसवलं होतं.

जबाब झाला त्याच दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, त्याची प्रत सिस्टरला वाचायला दिली असं मला कळलं. शनिवारी संस्थेच्या कमिटीपुढे अहवाल वाचायचा होता. त्यात काय येणार हे गुरुवारी रात्रीच सगळ्या गावाला ठाऊक झालं होतं.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी शाळेच्या आवारातल्या पाण्याच्या टाकीपाशी उभी होते. दुपारी हॉस्पिटलचे नळ जायचे, तेव्हा पेशंटांचे नातेवाईक कुंपणातून वाकून आमच्या टाकीवर पाणी भरायला यायचे. मुली खेळत होत्या. हौसाबाई कळशी घेऊन आल्या, मला बघून थबकल्या.

“तुम्ही त्या इंग्रजी बोलणाऱ्या बाई न्हवं?”

“हो. यमुना कशी आहे?”

“आज भाकरीचा तुकडा मोडला तिनं. दुधात कुस्करून.” त्यांचा चेहरा फुलला. कळशी नळाखाली लावून त्या म्हणाल्या, “बाई, ती आमची शिस्टर कुठं गेली हो? काळी, उंच. दिसंनाच कुठं. रोज दुसरीच येती.”

“शुलमिथ सिस्टर? त्यांना कामावरून थांबवलंय. उद्या बहुतेक काढूनच टाकतील.”

“का बरं?”

मला नवल वाटलं. “अहो, तुम्हीच सांगितलंत ना काल? चिठ्ठी बघितली नाही म्हणून.”

“कोण म्हणलं?”

“तुम्ही. डॉक्टरांनी विचारलं, सिस्टरनं चिठ्ठी बघितली का, तर तुम्ही म्हणालात, न्हाई बघितली.”

“मंग बराबर हाय,” हौसाबाई म्हणाल्या. “म्या न्हाई बघितली.”

“तुम्ही?”

“म्याच की. म्या कशी बघणार? मला रगत बघवत न्हाई. नुस्तं नाव काढलं तरी घेरी येती. ती शिस्टर बाटली घेऊन आली तशी म्या तोंडावर पदर घेतला आन् भितीकडं तोंड करून बसले. तिनं काय बघितलं आन् काय न्हाई, मला काय ठावं?” मग त्यांच्या काहीतरी ध्यानात आलं. त्यांनी नळ बंद केला. “आन् तुम्ही काय सांगितलं त्या डागदरला?”

‘न्हाई बघितली.’ चिठ्ठी स्त्रीलिंगी, म्हणून क्रियापद स्त्रीलिंगी. बघणारं कोण, हे त्या शब्दांत कुठं होतंच नाही. तिनं बघितली नाही, का मी बघितली नाही. मराठीत दोन्ही एकच. आणि डॉक्टरांनी नेमकं तेवढंच विचारलं होतं. इंग्रजीत त्या दोन गोष्टी वेगळ्या होत्या, म्हणून त्या माणसाला फट दिसली, आणि मराठी माझी असून मला दिसली नाही.

“मी बघते,” एवढंच मी म्हणाले. आणखी काही विचारायला हवं होतं, ते सुचलं नाही. मला माझीच पडली होती.

“बाई, तिचं वाईट करू नका हां,” हौसाबाई मागून म्हणाल्या. “नऊ दीस पोरीच्या उशाशी बसली व्हती ती. ड्युटी न्हाई तरी यायची, मागच्या दारानं.”

घंटा झाली. पुढचा तास दहावीचा होता, आणि धड्यात नेमकी नकारार्थी वाक्यं होती. मी फळ्यावर एक वाक्य लिहिलं आणि पुसलं. दुसरं लिहिलं, तेही पुसलं. शेवटी मुलींना वाचन करायला सांगून मी खुर्चीत बसून राहिले.

शाळा सुटल्यावर मी मकासरेसाहेबांच्या घरी गेले. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. हॉस्पिटलची पायाभरणी झाली तेव्हापासून त्यांनी तिथं जीव ओतला होता.

“आढावबाई,” ते म्हणाले, “समजा तुम्ही म्हणता तसं आहे. बाईनं बघितलं नाही. पण त्यामुळं सिस्टरनं बघितलं होतं असं ठरतं का?”

“नाही ठरत.”

“मग? एका वाक्यानं काय होतंय?”

“साहेब, ते वाक्य बाईंचं नाहीच. ते मी बोलले.”

त्यांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. मग आवाज उतरवून म्हणाले, “हे बघा. चूक सिस्टरची निघाली तर एका सिस्टरची चूक. तिला नऊ जागी नोकरी मिळेल, हात चांगला आहे तिचा. चूक रक्ताच्या खोलीची निघाली तर हॉस्पिटलची चूक. मग त्या खोलीला टाळं लागेल. पुढच्या बाळंतिणीला रक्त लागलं की बैलगाडीत घालून सत्तर मैल न्यायची. मी हे वीस वर्षं बघितलंय. वाटेत मरतात.”

त्यांचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही. आजही वाटत नाही.

“आणि जूनमध्ये तुमची कायम नेमणुकीची ऑर्डर निघायची आहे,” ते म्हणाले. धमकी दिल्यासारखं नाही, आठवण करून दिल्यासारखं. “कशाला या भानगडीत पडता? चूक झाली ती झाली. अजाणता झाली.”

तिथंच ते चुकले. अजाणता झाली असती तर कदाचित मी घरी गेले असते. पण डॉक्टरांनी मला विचारलं होतं. स्पष्ट, सावकाश, दोन्ही वाटा दाखवून विचारलं होतं, आणि मी उत्तर ठोकून दिलं होतं.

शनिवारी सकाळी सातला मी पाहुण्यांच्या बंगल्यावर गेले. डॉक्टर कुरियन व्हरांड्यात पाव आणि केळं खात बसले होते. समोर टाइप केलेला अहवाल. मला बघून ते उठून उभे राहिले. माझ्यासारख्या पोरीसाठी कुणी उठावं याची मला सवय नव्हती, त्यामुळं पाठ करून आणलेलं इंग्रजी सगळं विसरायला झालं.

“सर, गुरुवारी तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता,” मी म्हणाले. “तिनं बघितलं नाही, की बघितलं नाही हे तिनं बघितलं.”

“हो.”

“मी चुकीचं उत्तर दिलं.”

त्यांनी केळं बशीत ठेवलं. “तुम्ही तो प्रश्न त्या बाईंना विचारला होतात?”

“नाही.”

“मग उत्तर कुणाचं होतं?”

“माझं.”

मी मान खाली घालून उभी होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अहवाल उचलला, चष्मा लावला, दुसरं पान काढून माझ्यापुढं धरलं. एका ओळीवर बोट होतं. द सिस्टर डज नॉट अपिअर टू हॅव लुक्ड ॲट द लेबल.

“मी किती जपून लिहिलंय बघा,” ते म्हणाले. “‘बघितलं नाही’ असं मी म्हटलेलं नाही. ‘बघितलं असं दिसत नाही’, एवढंच. ही इंग्रजीची सभ्य रीत आहे. आपला हात राखून ठेवायचा. पण कमिटी हे ऐकेल तेव्हा त्यांना एवढंच ऐकू येईल, बघितलं नाही. आणि त्या सिस्टरचं आयुष्य त्या ‘नॉट’वर संपेल. मीसुद्धा गुरुवारी त्या बाईंच्या तोंडाकडे बघायला हवं होतं. मी तुमच्याकडे बघत होतो. तुम्ही फार छान इंग्रजी बोलता.”

ही शिक्षा मला आयुष्यभर पुरली.

नऊ वाजता हौसाबाईंना परत बोलावलं. तीच कचेरी, तीच खुर्ची. बाळ या वेळी आईपाशी ठेवून आल्या होत्या. मकासरेसाहेब दाराशी उभे राहिले, बसले नाहीत. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

“आता शब्दाला शब्द,” डॉक्टर मला म्हणाले.

मी हौसाबाईंच्या शेजारी स्टूल ओढून बसले. “मावशी, मी आज दोन प्रश्न वेगवेगळे विचारते. सिस्टर बाटली लावत होत्या तेव्हा तुम्ही त्यांच्याकडे बघत होता का?”

“न्हाई. तोंडावर पदर व्हता. काल सांगितलं की तुमाला.”

मी ते इंग्रजीत सांगितलं.

“मग त्यांनी चिठ्ठी बघितली की नाही बघितली, हे तुम्हाला बघून माहीत आहे का?”

“न्हाई. ते मला म्हाईत न्हाई.”

तेही सांगितलं. क्लार्कनी टाइप केलं. डॉक्टरांनी गुरुवारच्या जबाबावर काट मारली आणि सही केली. मग पेन खाली ठेवून ते खुर्चीत मागं रेलले. “म्हणजे आता आपल्याकडे काहीच नाही,” ते म्हणाले. “या बाजूनंही नाही, त्या बाजूनंही नाही. सिस्टरचा शब्द, आणि त्या खोलीचा शब्द.”

मकासरेसाहेब दारातून म्हणाले, “मी हेच म्हणत होतो.”

हौसाबाई आमच्या तोंडांकडे बघत होत्या. त्यांना काही कळत नव्हतं, पण काहीतरी बिनसलंय एवढं कळत होतं. त्यांनी माझ्या कोपराला हात लावला. “काय झालं? म्या काय चुकीचं बोलले का?”

तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, या बाईला आपण सगळ्यांनी मिळून फक्त एकच गोष्ट विचारली आहे. बघितलं का. तीनदा, चारदा तेच.

“सर, मी एक प्रश्न विचारू? माझा?”

डॉक्टर म्हणाले, “प्रश्न तुमचा चालेल. उत्तर मात्र त्यांचं.”

मी हौसाबाईंकडे वळले. “मावशी, तोंडावर पदर होता तेव्हा तुम्हाला काय काय कळत होतं?”

“समदं कळत व्हतं की! कान का झाकल्यात?” त्या म्हणाल्या. “गाडा ढकलत आणला, त्याचं चाक कुईकुई वाजत व्हतं. मंग ती लोखंडी दांडी उभी केली. मंग शिस्टर बोलली.”

“काय बोलल्या?”

“यमुनाचं नाव घेतलं. सगळं नाव. शाळंत हजेरी घेत्यात तसं. ‘यमुना दगडू शेंडगे, ओ.’”

मी स्टुलावर पुढं सरकले. “पुढचं काय म्हणालात? ओ?”

“ओ. आता मला वाटलं, नाव घेतलं म्हणून आमची यमुना ओ देती. अंगात बोलायचं बळ न्हाई आन् ओ कशाला देती, म्हणून म्या पदराच्या आतनंच वराडले, ‘बोलू नगंस गं, गप पड.’ तर शिस्टर हसली. म्हणली, ‘मावशी, ती न्हाई, म्याच म्हणले.’” हौसाबाई ओशाळल्यागत हसल्या. “मंग मला लाज वाटली. दुसऱ्याच्या नावाला कोण ओ देतं का? पर म्हणलं, शिकलेली माणसं, असंल त्यांची रीत.”

डॉक्टर कुरियन पुढं वाकून बघत होते, या खेपेला माझ्याकडे नाही, हौसाबाईंच्या तोंडाकडे. मी शब्दाला शब्द सांगायला सुरुवात केली. नावापर्यंत ठीक गेलं. मग ‘ओ’ आला. इंग्रजीत हाकेला ओ देत नाहीत. मला थांबून समजावून सांगावं लागलं, की आमच्याकडे कुणी नावानं हाक मारली की आपण म्हणतो ‘ओ’, आणि या बाईंना लिहिता-वाचता येत नाही, रक्ताला गट असतात हे त्यांना ठाऊक नाही, त्यामुळं रक्ताचा गट त्यांना हाकेचं उत्तर वाटला.

डॉक्टरांनी डोळे मिटले. मग केसपेपर ओढला, पान उलटलं, आणि मकासरेसाहेबांच्या दिशेनं फिरवून धरलं. यमुना दगडू शेंडगे. गट ओ.

“सिस्टरनं चिठ्ठी मोठ्यानं वाचली,” ते म्हणाले. “चिठ्ठीवर हेच नाव होतं आणि हाच गट होता. बाटलीत दुसरं रक्त होतं. ही गोष्ट या बाईंना रचून सांगता आली नसती. त्यांना आजसुद्धा माहीत नाही त्या काय सांगतायत ते.”

मकासरेसाहेब खुर्ची ओढून बसले. एकदम थकलेले दिसले.

“मावशी,” मी म्हणाले, “हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

“कुणी इचारलं?” हौसाबाई म्हणाल्या. “तुम्ही म्हणला, बघितलं का. म्या म्हणलं, न्हाई.”

कमिटीची बैठक त्या दिवशी झालीच नाही. डॉक्टर दुपारपर्यंत रक्ताच्या खोलीत वह्या तपासत बसले. दोन माणसांचं काम दोन महिने एकच माणूस ओढत होता, आणि त्या दिवशी दोन बाटल्यांच्या चिठ्ठ्या त्यानं एकाच वेळी लिहून ठेवल्या होत्या. तो पोटाशी पाय घेऊन रडला म्हणतात. डॉक्टरांनी त्याला काढू दिलं नाही. अहवालात लिहिलं, दुसरा माणूस नेमा आणि चिठ्ठी दोघांनी वाचल्याशिवाय बाटली वर पाठवू नका. खोलीला टाळं लागलं, पण सहाच आठवडे. त्या सहा आठवड्यांत एक बाळंतीण बैलगाडीतून गेली, आणि जगली. ती जगली नसती तर मी ही गोष्ट कुणाला सांगू शकले असते की नाही, ठाऊक नाही.

जूनमध्ये माझी ऑर्डर निघाली नाही. मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी मी शुलमिथ सिस्टरच्या क्वार्टरवर गेले. एका खोलीचं घर. दार उघडंच होतं. टेबलावर पांढरे युनिफॉर्म घडी घालून, टोप्या वर, परत करायच्या बेतानं रचलेले. सिस्टर खाटेवर बसल्या होत्या. चाळिशीच्या, उंच, सावळ्या. डोळे सुजलेले होते. कामावर परत या, असा निरोप त्यांना मिळाला होता.

“सिस्टर, मी आढाव. तो जबाब मी—”

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “बसा.”

मी बसले नाही. माफीचे शब्द मनात जुळवून आणले होते, ते मी म्हणाले. सगळं सांगितलं, डॉक्टरांनी विचारलेलं, मी ठोकलेलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. माझं झाल्यावर त्या म्हणाल्या,

“तो कागद त्यांनी गुरुवारी संध्याकाळी मला आणून दिला. तोपर्यंत मला खात्री होती, बाई. पक्की खात्री. कोण काय का म्हणेना, मी चिठ्ठी वाचली होती. मग त्या कागदावर वाचलं, की मी बघितली नाही हे मावशींनी बघितलं.” त्यांनी युनिफॉर्मच्या घडीवरून हात फिरवला. “मावशी खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. नऊ दिवस मी त्यांच्याबरोबर बसले होते. म्हटलं, त्या म्हणतात तर तसंच असेल. बावीस वर्षं मी चिठ्ठ्या वाचतेय. त्या दिवशी सवयीनं वाचल्यासारखी वाटली असेल, वाचली नसेल. दोन रात्री मी ती बाटली डोळ्यांपुढं आणत होते. पहिल्या रात्री चिठ्ठी दिसत होती. काल रात्री दिसेनाशी झाली.”

त्यांनी वरची टोपी सरळ केली.

“नोकरीचं सोडा. काल रात्री मला वाटलं, मी त्या पोरीला मारत होते.”

मी दाराची चौकट धरून उभी राहिले. माफ करा हा शब्द मला परत उच्चारता येईना.

“आज निरोप आला,” सिस्टर म्हणाल्या, “की मी निर्दोष आहे. इंग्रजीत टाइप केलेला. पण मला अजून चिठ्ठी दिसत नाही.” त्यांनी वर बघितलं. “मावशी काय म्हणाल्या, ते त्यांच्या शब्दांत सांगाल? तुमच्या नको. त्यांच्या.”

मी खाली जमिनीवर त्यांच्यासमोर बसले. गाड्याच्या चाकापासून सुरुवात केली. कुईकुई वाजत व्हतं. मंग ती लोखंडी दांडी उभी केली. मंग शिस्टर बोलली. यमुनाचं नाव घेतलं, सगळं नाव, शाळंत हजेरी घेत्यात तसं. यमुना दगडू शेंडगे, ओ.

सिस्टरांचा घडीवरचा हात थांबला.

“मला वाटलं आमची यमुना ओ देती, म्हणून म्या पदराच्या आतनंच वराडले, बोलू नगंस गं, गप पड. तर शिस्टर हसली.”

“हसले,” सिस्टर पुटपुटल्या. “हो. हसले होते मी.” आणि त्यांनी ओंजळीत तोंड लपवलं.

थोड्या वेळानं ओंजळीतूनच त्यांचा आवाज आला.

“परत सांगा.”

मी परत पहिल्यापासून सांगितलं.